सरांचा शब्द

“पहिल्याच वर्षी पोरीला पहिल्या पाचात खेळवणार, शब्द हाय माझा,” दिग्विजय सर म्हणाले आणि अरिहंतच्या हातातली आमटीची पळी ताटाच्या काठावर आपटली. आमटी टेबलावर सांडली. त्रिशलाबाईंनी लेकाकडे डोळे वटारले. पाहुण्यासमोर हे काय!

अरिहंतला आईचे डोळे दिसलेच नाहीत. सरांचं ते वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, त्यानंच लिहिलेलं होतं.

अरिहंत सांगलीत घरी बसून पुण्याच्या एका गेम कंपनीचं काम करायचा. गेम होता अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचा. खेळणाऱ्यानं कोच व्हायचं, शाळाशाळांतून चांगली पोरं हेरायची, त्यांच्या घरी जायचं, आईबापांना पटवायचं आणि पोरगं आपल्या संघात आणायचं. पण हे पोरं आणण्याचं प्रकरण फार कंटाळवाणं आहे, सगळे कोच एकच पाठ केल्यासारखे बोलतात, अशी लोकांची ओरड होती. ते सुधारायचं काम अरिहंतकडे आलं. त्याचे वडील जवाहरअण्णा भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, “थोरला दिवसभर गेम खेळतो आणि त्याचा पगार घेतो. पंचमकाळ हाय, पडता काळ, काय बोलायचं?”

काम त्यानं मनापासून केलं होतं. प्रत्येक कोचला त्यानं निराळी जीभ दिली. आई हळवी असेल तर ‘घरच्यासारखं ठेवू’. बाप कडक असेल तर ‘अभ्यास बुडू देणार नाही’. पोरगंच हट्टी असेल तर ‘पहिल्या पाचात खेळवू’. नेमक्या घरात नेमका शब्द टाकला, की पोरगं आलंच म्हणून समजा. सुरुवातीला त्यानं अशीही सोय केली होती, की शब्द मोडला तर पोरगं वर्षभरात कॉलेज सोडून जाईल. त्यावर गेम तपासणारे लोक वैतागले. त्याच्या वरच्या अंकिता मॅडम फोनवर म्हणाल्या, “अरिहंत, लोक मजा करायला येतात रे, जाब द्यायला नाही. काढ ते.” त्यानं काढलं. आता गेममध्ये वाटेल तेवढे शब्द द्यावेत. पोरगं एकदा संघात आलं, की विचारणारं कुणी नाही. गुडघा गेला तर एका बोटानं त्याला संघातून काढता येतं. गेम सगळ्यांना आवडला, मॅडमनी पाठ थोपटली आणि खरं सांगायचं तर अरिहंतलाही बरं वाटलं होतं.

आणि आता त्याच्याच घरात, त्याच्या आईच्या हातची खपली गव्हाची खीर खात, एक खराखुरा कोच बसला होता. न्यायला आला होता त्याच्या धाकट्या बहिणीला. ब्राह्मी अठरा वर्षांची, घरातल्या दारांच्या चौकटींना वाकून जाणारी, राज्याच्या बास्केटबॉल संघातून खेळलेली. सरांचं खाजगी कॉलेज पार हैदराबादच्या पलीकडे. पण माणूस मूळचा फलटणचा, फौजेच्या संघातून खेळलेला. आपल्याकडचा माणूस म्हटल्यावर आईअण्णांचं निम्मं मन तिथंच वळलं होतं.

त्रिशलाबाईंचं एक लक्ष खिडकीबाहेरच्या उन्हाकडे होतं. दिवस मावळायच्या आत पाहुण्याचं ताट उरकायला हवं होतं, म्हणून त्या भराभर वाढत होत्या. सरांना तो आग्रहच वाटला. “आवं किती वाढताय! माझ्या आईनंबी एवढं वाढलं न्हाई कवा,” ते म्हणाले. त्रिशलाबाई लाजून हसल्या. आई हळवी आहे, हे सरांनी हेरलं होतं.

“काय काळजी करू नगा. घरच्यासारखं ठेवतो पोरीला.”

हेही आलं. या माणसाला हाकलून द्यावं, असं अरिहंतला वाटलं. पण काय म्हणून हाकलायचं? माझ्या गेममधला कोच असंच बोलतो, म्हणून? त्यानं आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

“सर, आम्ही जैन. आमच्यात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही.”

“होईल की. स्वयंपाकी सांगलीचाच हाय आमचा.”

“चतुर्दशीला मंदिरात जाते ती.”

“गाडी देतो.”

“आणि रात्रीचं जेवत नाही. दिवस मावळायच्या आत जेवण लागतं.”

“आवं होईल, सगळं होईल!”

“सराव कधी असतो, सर?”

“रोज संध्याकाळी साडेपाच ते आठ,” सर खिरीचा शेवटचा घास घेत अभिमानानं म्हणाले. “एक दिवस खाडा न्हाई. सुटलं की मग सगळी पोरं मिळून जेवत्यात.”

आपण आत्ताच काय कबूल केलं, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्रिशलाबाईंनी ‘होईल’ एवढंच ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. अण्णा मान डोलवत होते. फक्त पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या ब्राह्मीनं भावाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

उद्या फोन करतो म्हणून सर गेले. “ब्राह्मी, तू जेव की, दिवस चालला,” आई म्हणाली. तिनं भूक नाही म्हटलं आणि गच्चीवर गेली. अरिहंत मागोमाग गेला.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. गेमचं, शब्दांचं, मॅडमचं, सगळं त्यानं एका दमात सांगितलं. “ते खोटं बोलायलेत ब्राह्मी. वाईट म्हणून नव्हे, सवयीनं. बाकावर बसवून ठेवलं तर काय करणार तू? गुडघा गेला तर? एवढ्या लांब कुणाला विचारणार?”

“मला कळालं की दादा. साडेपाच ते आठ. एवढं गणित येतंय मला.”

“मग?”

“मग दुसरं कोण आलंय बोलवायला? नाव सांग.”

अरिहंतनं आठवून पाहिलं. कुणीच आलं नव्हतं. तो इतके महिने कोचांच्याच बाजूनं विचार करत होता. जिच्या दारात एकच कोच येतो, त्या पोरीच्या बाजूनं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

“भीती वाटत नाही तुला?”

“वाटती की. लय वाटती,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं. “पण इथं ऱ्हायलं तर वर्षभरात माझ्या लग्नाचं बघायला लागतील. त्येची जास्त वाटती.”

दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. खाली घराघरांतले दिवे लागत गेले. अंधार चांगला पडल्यावर ब्राह्मीनं तोंड पुसलं आणि जिना उतरली.

त्रिशलाबाई ओटा पुसून, भांडी पालथी घालून बसल्या होत्या. ब्राह्मीनं त्यातलंच एक ताट सुलटं केलं आणि टेबलाशी बसली.

“आई, वाढ.”

“आता? येड लागलं काय? दिवस मावळून किती वेळ झाला.”

“तिकडं ह्याच वेळेला मिळणार हाय जेवण. आठला सराव सुटल्यावर.” तिनं ताटावरची नजर उचलली नाही. “नेम मोडायचाच हाय, तर पयला घास परक्यांत नको. तुझ्यासमोर मोडू दे.”

“सर तर होईल म्हणाले...” त्रिशलाबाईंनी अरिहंतकडे पाहिलं. त्यानं नाही अशी मान हलवली. मग त्यांना सगळं उमगलं. अण्णा उठले आणि पायात चप्पल न घालताच बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आई आता ओरडेल, की रडेल, की ताटच उचलून नेईल, अरिहंतला काही सांगता येईना.

त्रिशलाबाई उठल्या. त्यांनी गॅस पेटवला. पहिल्यांदाच त्या वेळेला त्या घरात आमटी गरम झाली. भाकरी वाढली, आमटी वाढली, तूप घातलं. दिव्याभोवती चिलटं घोंगावत होती. ब्राह्मीनं घास मोडला. तो तोंडात गेला, पण तिला गिळवेना.

“खा,” त्रिशलाबाई म्हणाल्या. त्या लेकीशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि एखादा जीव ताटात पडू नये म्हणून, तिचं जेवण संपेपर्यंत, पदरानं ताटावर वारा घालत राहिल्या.