हातगुण

माझ्या प्रबंधाचं म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं झालं होतं. चार प्रकरणं बाईंच्या लाल शाईत न्हाऊनमाखून तयार होती. पाचवं तेवढं अडून बसलं होतं, आणि तेही एका उंटापायी.

उंट म्हणजे आलेखावरचा उंचवटा. आमचं काम असं की बोटाएवढ्या काचेच्या भांड्यात खाली जड, तेलकट द्राव घ्यायचा आणि वर खारं पाणी. दोघं एका घरात राहणाऱ्या अबोला धरलेल्या जावांसारखे, शेजारी असतात पण मिसळत नाहीत. मग विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. पाण्यातलं औषध (आमचं हृदयाचे ठोके आवरणारं होतं) आपला विजेचा भार घेऊन ती सीमा ओलांडून तेलात उतरतं, आणि तेवढ्यापुरता प्रवाह वाढतो. शरीरातल्या पेशीची कडही तेलकटच असते, त्यामुळे औषध आत कसं शिरत असेल याचा अंदाज येतो. माझ्या आलेखावर हा उंचवटा इतका डौलात यायचा की मी त्याला उंट म्हणायला लागले आणि सगळी प्रयोगशाळा म्हणायला लागली.

अडचण एकच होती. उंट फक्त माझ्याच हातून यायचा. सोमवारी भरदार, शुक्रवारपर्यंत मरतुकडा. द्राव शिळा होतो म्हणून असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. पण बाईंनी स्वतः भांडं मांडलं की ताज्या द्रावातही उंट यायचा नाही.

बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. पाणी आणि तेल यांच्यामधली सीमा आरशासारखी सपाट बसवावी तर बाईंनीच, असं दूरदूरचे लोक म्हणायचे. पण निवृत्ती जवळ आली तशा त्या भांड्याला हात लावेनाशा झाल्या.

"तुझा हातगुण आहे," त्या म्हणायच्या. "माझा हात गेला गं आता."

हे ऐकून मला वाईट वाटायचं. आणि खोटं कशाला बोलू, थोड्या गुदगुल्याही व्हायच्या.

"विज्ञानात हातगुण नसतो," हे म्हणणारा एकटा शंकासुर. हा आमच्याच खोलीत इलेक्ट्रोडवर निरनिराळे लेप चढवायचा आणि प्रत्येक गोष्टीवर शंका काढायचा, म्हणून त्याचं हे नाव. डोक्यावर एक केस नाही, साफ गुळगुळीत. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, त्यामुळे औषध न घालता करायची कोरी चाचणी त्याच्याकडे होती. ती रोज स्वच्छ यायची. म्हणजे उंट औषधाचाच, याबद्दल शंकासुराचीही शंका उरली नव्हती.

अशात बाहेरचे परीक्षक म्हणाले, मला उंट डोळ्यांनी बघायचा आहे. त्यांना पटला तर पाचवं प्रकरण मंजूर. नाही पटला तर काम नव्याने, तोवर बाई निवृत्त, आणि मी कोणातरी अनोळखी मार्गदर्शकाच्या गळ्यात. बाईंच्या हाताखाली प्रबंध पुरा व्हावा एवढंच मला हवं होतं. त्यांनाही तेच हवं होतं, फक्त त्या बोलून दाखवत नव्हत्या.

आदल्या संध्याकाळी मी घरी पोचले तर ताई दारातच उभी. तिचं पार्लर आमच्या घराच्या खालीच आहे, आणि रविवारी माझं डोकं धुऊन देणं हा तिने स्वतःचा हक्क करून ठेवलाय.

"उद्या पाहुणे येणार आणि तू ही केरसुणी घेऊन जाणार?" असं म्हणत तिने मला खुर्चीत दाबलं आणि केसांना काहीतरी जाड, सुगंधी चोपडलं.

"हे काय नवीन?"

"नेहमीचं कंडिशनरच, पण दमदार. केसाला जो लेप धरून बसतो, तो धुतला तरी सुटत नाही."

"आमचा शंकासुर हेच करतो, इलेक्ट्रोडला."

"त्याला म्हणावं, आधी स्वतःच्या डोक्याचं बघ."

दुसऱ्या दिवशी परीक्षक वेळेच्या आधीच हजर. बाई दारात उभ्या राहून नेहमीसारख्या ओरडल्या, "हात, डोळे, केस!" ही त्यांची रोजची आरोळी. मी आज्ञाधारक असल्यामुळे त्याच क्रमाने वागायची: आधी हातमोजे, मग चष्मा, मग अंबाडा. त्या दिवशी केस इतके मऊ झाले होते की अंबाडा पुन्हा पुन्हा सुटत होता. शेवटी कसाबसा आवळला, बारीक काचनळीचं तोंड बोटाने नीट करून ती भांड्यात बसवली, औषध मोजून घातलं आणि बटण दाबलं.

उंट आला. आला म्हणजे कसा, पडद्याच्या वरच्या कडेला डोकं आपटलं त्याने. परीक्षकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले. त्यांना तसं बघून मला इतका आनंद झाला की मी नाचायचंच बाकी होतं.

पण उंचवट्याची उंची औषधाच्या प्रमाणावर ठरते, हे मीच दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. औषध नेहमीएवढंच होतं. मग उंट चौपट कसा झाला? विचार करता करता कपाळावर आलेली बट मागे सारायला मी हात उचलला आणि तो तिथेच थांबला. हातात हातमोजा होता.

हात, डोळे, केस.

परीक्षकांनी सही करायला पेन काढलं होतं. मी गप्प बसले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी बाईंकडे बघितलं, त्या अजून डोळे पुसत होत्या, आणि मला स्वतःचाच राग आला.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. "औषध न घालता एकदा करून दाखवते. याच हातमोज्यांनी."

"अगं, कोरी चाचणी रोज होते," बाई म्हणाल्या.

"शंकासुर करतो, बाई. त्याला केस नाहीत."

कोणाला काही कळलं नाही. मी सगळं साहित्य नवं घेतलं, अंबाड्यावरून एकदा बोटं फिरवली, नळी बसवली आणि नुसतं खारं पाणी घातलं. उंट आला. औषधाचा एक कणही नसताना, त्याच डौलात.

मग शंकासुरानेच कपाळावर हात मारला. कंडिशनरच्या रेणूचं डोकं विजेचा धन भार घेऊन असतं आणि शेपूट लांब, तेलकट. म्हणून तो केसाला चिकटतो, आणि म्हणूनच केसावरून हातमोज्याला, हातमोज्यावरून नळीला लागून पाण्यात पोचला की तेलात उतरायला एका पायावर तयार असतो. दोन वर्षं मी ताईच्या पार्लरचा अभ्यास करत होते, आणि तोही सोमवारी भरदार, शुक्रवारी मरतुकडा. उंटावरची शहाणी म्हणतात ती मीच.

परीक्षकांनी पेन खिशात ठेवलं. "मग औषधाचा उंचवटा कुठे आहे?"

मला रडू यायला लागलं.

बाईंनी माझे हातमोजे काढून कचऱ्यात टाकले. मला स्टुलावर बसवलं, उघड्या हातांनी माझे केस घट्ट बांधले, वर टोपी चढवली आणि स्वतःचे हात साबणाने खसाखसा धुतले. "आधी केस, मग हात," त्या पुटपुटल्या. "इतकी वर्षं उलटं ओरडत होते."

"मांडणी तुम्ही करा, बाई," मी म्हटलं.

"नको. माझा हात..."

"बाई, तुमचे केस बोटभर सुद्धा नाहीत. करा तुम्ही."

त्यांनी नवे हातमोजे घातले, नळी बसवली, औषध घातलं. दाब चढत गेला. उंटाची जागा सपाट गेली. अगदी शेवटाला, आलेखाच्या कडेला, एक लहानसा उंचवटा उठला. औषध दुप्पट घातलं, तो दुप्पट झाला.

"बाई, हा तर तुमच्या आलेखात नेहमीच असतो," शंकासुर म्हणाला.

"मला वाटायचं, हात थरथरतो म्हणून येतो."

"उंट नाही, शेळी आहे," परीक्षक हसले. "पण शेळी दूध तरी देते. प्रकरण नव्याने लिहा. बाई निवृत्त व्हायच्या आत आणून द्या, मी वाचतो."

मी हो म्हटलं. बाईंचं मात्र कुठेच लक्ष नव्हतं. त्यांनी हातमोजे उतरवले होते आणि खिडकीपाशी जाऊन उजवा हात समोर धरला होता, बोटं पसरून. तो जरासुद्धा हलत नव्हता.

"म्हणजे माझा हात गेला नव्हता गं," त्या म्हणाल्या.