नानांची जीभ

नवऱ्याचा हुद्दा मोठा आणि घसा त्याहून मोठा, अशी माझी गत. आमच्या गावच्या राजाला सगळे नाना म्हणतात, आणि माझा नवरा अमांक्वा म्हणजे नानांची जीभ. नाना चारचौघांत थेट कुणाशी बोलत नाहीत. ते हळूच दोन शब्द टाकतात आणि सोन्याच्या मुठीची काठी धरून उभा असलेला अमांक्वा तेच खणखणीत आवाजात गावाला ऐकवतो. सणाला पितरांसाठी जमिनीवर दारू ओतायची, तीही त्यानेच. थोडी ओतायची, उरलेली नाना आणि त्याने प्यायची. पितरांना थेंब आणि ह्याला बाटली, असं चाललं होतं.

गेल्या सणाला पितरांची नावं घेता घेता तो नानांच्या पायाशीच कोसळला. लोकांना वाटलं, पितर अंगात आले. काय अंगात आलं होतं ते मला ठाऊक होतं. घरी आल्यावर मी स्पष्ट सांगितलं, "दारू सोडा, नाहीतर पोरींना घेऊन मी चालले आईकडे."

"अगं सेरवा, मग बाटली कोण धरणार? नाना काठी काढून घेतील माझी."

"घेऊ देत. काठी गेली तर दुसरं काम मिळेल. बायको मिळायची नाही."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला कुमासी शहरातल्या बैठकीबद्दल सांगितलं होतं. दारू सोडणारे लोक दर गुरुवारी दुपारी चर्चच्या शाळेत जमतात म्हणे. गावात बोभाटा नको म्हणून आम्ही लांबच्या आत्याच्या मयताला निघाल्याचं सांगितलं. मग मयताचे काळे कपडे घालणं आलंच. गाडीच्या थांब्यावर शेजारीण भेटली, तर ह्याने रडवेला आवाज काढून तिला आत्याचे गुणही ऐकवले. कधी जन्मालाच न आलेल्या आत्याचे! बोलायचाच धंदा, दुसरं काय.

शाळेत पहिल्या खोलीत बायका गाण्याची तालीम करत होत्या. आमचे कपडे पाहून बिचाऱ्यांनी लगेच मयताचं गाणं धरलं. ते संपेपर्यंत आम्हाला माना खाली घालून उभं राहावं लागलं. मग त्यांतल्याच एकीने मागची खोली दाखवली.

तिथे पोरांच्या बाकांवर दहाबारा जण दाटीवाटीने बसले होते. याओ नावाचा म्हातारा ट्रकवाला बैठक चालवत होता. "इथे घराणं नाही, गाव नाही, हुद्दा नाही. वाराचं नाव सांगा आणि स्वतःचं स्वतः बोला. घरच्यांनी फक्त ऐकायचं." हे शेवटचं तो माझ्याकडे बघून म्हणाला. वाराच्या नावाने कुणाचा पत्ता लागायची भीती नव्हती. आमच्याकडे जन्मवाराचं नाव प्रत्येकाला असतं, आणि माझ्या नवऱ्यासारखे मंगळवारचे क्वाबेना तर गल्लीगल्लीत सापडतात.

एकेक जण बोलू लागला. पुढच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून एक टोपीवाला बसला होता. त्याची पाळी आली. तो अगदी हळू म्हणाला, "मी क्वासी. मी पितो. मला थांबता येत नाही."

आणि माझा नवरा ताडकन उभा राहिला. नसलेली काठी मुठीत धरून गरजला, "ऐका हो! नाना म्हणतात, ते पितात आणि त्यांना थांबता येत नाही!"

आपण काय बोललो ते त्याला नंतर कळलं. टोपीवाला वळला. नानाच होते! ना राजाची छत्री, ना सेवक, पायात रबरी चपला. राजाला भर सभेत दारुडा म्हणायचं म्हणजे आमच्याकडे दंड ठरलेला, एक मेंढा आणि दारूच्या दोन बाटल्या.

"नाना, माफी असावी. आपला आवाज ऐकला आणि सवयीने... दंड भरतो मी," अमांक्वा पुटपुटला.

नानांनी टोपी जरा मागे सरकवली. मग म्हणाले, "मेंढा चालेल. बाटल्या नकोत."

खोलीभर हशा पिकला. नानाही पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "अरे, मी कधीच थांबलो असतो. पण तू बाटली घेऊन समोर उभा! राजा नको म्हणाला तर त्याची जीभ काय म्हणेल?"

"आणि मला वाटायचं, मी नको म्हणालो तर काठी जाईल."

"काठी तुझीच. पुढच्या सणाला सगळी बाटली ओत. उरवायचीच नाही."

"पितर झिंगतील, नाना."

"झिंगू देत. त्यांना घरी जाऊन बायकोला तोंड द्यायचं नाही."

मग याओ म्हणाला, "बरं, आता ओरडणाऱ्यांनी स्वतःचं सांगावं." जन्मभर दुसऱ्याचे शब्द बोललेला माणूस. बाजारापर्यंत पोचणारा तो आवाज कुठल्या कुठे गेला. शेवटी मला जेमतेम ऐकू येईल एवढंच तो म्हणाला, "मी क्वाबेना. दारू माझ्याच्याने सुटत नाही. मला मदत करा."

"ऐकू आलं नाही," मागून कुणीतरी म्हणालं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाना उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ऐका हो!" नाना म्हणाले. "क्वाबेना म्हणतो, दारू त्याच्याने सुटत नाही. त्याला मदत करा."

राजा कुणाची जीभ झाल्याचं आमच्या कुठल्याच पिढीने पाहिलं नसेल. अमांक्वा माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा हात मी हातात घेतला. माझा जीव किती दिवसांनी भांड्यात पडला होता. संध्याकाळी तो घरी जाणार होता, आणि आईकडे न जाता मीही.