अस्तर लावलेलं विमान

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नाही. आबा पाथर्डी-नगर काळीपिवळी जीप चालवतात आणि आई पेरू विकायला रोज त्यांच्याशेजारी बसून नगरला येते. डिझेलच्या त्या खडखडाटात सगळा संसार ओरडूनच झाला. घरी आल्यावरही आवाज काही उतरत नाही. आमच्या भाजीत मीठ कमी पडलं की शेजारच्या मालनबाईंना आधी कळतं.

आणि अशा घरातली मी, रुपाली, विमानातला आवाज कमी करण्याच्या नोकरीला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नगरच्या एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये विमानाच्या केबिनची दोन मॉडेलं आहेत. एक साधं, दुसऱ्याच्या भिंतींत आम्ही बनवलेलं अस्तर आणि खुर्च्यांखाली रबर. बाहेर स्पीकरवर इंजिनाचा आवाज सोडायचा आणि खालून हादरे द्यायचे.

त्या दिवशी विमान कंपनीच्या नीलांबरी मॅडम आल्या होत्या. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर आमची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"मीटरचे आकडे मी रोजच बघते," त्या म्हणाल्या. "आत माणसं बसवून दाखवा."

ऐनवेळी माणसं कुठून आणणार? पेरू विकून आई मोकळी झाली होती, आबाही जीप घेऊन नगरातच होते. मग दोघांनाच बोलावलं.

साध्या केबिनमध्ये दोघं मजेत ओरडले. "आपल्या जीपवानीच हाय की!" आई म्हणाली. आम्ही बाहेर हेडफोन लावून आतल्या माईकवरचं ऐकत होतो. मॅडमनी आपला जरा लांब धरला.

मग अस्तराची केबिन. इंजिन तेवढ्याच जोरात. आईनं सवयीनं सूर लावला, "आवो, मालनबाईच्या पोरीच्या लग्नात..." आणि स्वतःच दचकली.

"हळू बोल की," आबा म्हणाले. "ऐकू येतंय मला."

"व्हय?" आईचा आवाज खाली आला. असाही आवाज तिच्याकडे आहे, हे मला जन्मात कळलं नव्हतं. "मंग एक इचारू? लई दिस झालं इचारायचं हुतं. जीपमधी वरडून कसं इचारनार, मागं धा मानसं."

"इचार."

"मी शेजारी बसते ते आवडतं का वो तुमाला? का नुसती पेरवाची पाटी समजून नेताय?"

मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मलाही काढायला लावला.

"पुढचं आपण ऐकायचं नाही," त्या म्हणाल्या. "ऑर्डर पक्की."

माझे डोळे भरून आले. आनंदाच्या भरात धावत जाऊन मी केबिनचं दार उघडलं. "आई, जमलं! या बाहेर!"

आईनं वळूनही पाहिलं नाही.

"दार लाव," ती हळूच म्हणाली. "तुजे आबा बोलत्यात."