मनगटाचा अहवाल

तक्रारीचं पत्र चार पानी होतं, आणि अक्षर इतकं देखणं की सुनेनं ते लांबूनच ओळखलं.

ती पिस्तुलं बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागाची प्रमुख होती. तक्रार होऊन परत आलेलं प्रत्येक पिस्तूल तिच्याच टेबलावर येई. या वेळचे तक्रारदार तिचे सासरे होते. तीस वर्षं त्यांनी क्लबात नेमबाजी शिकवली होती. तिथे सगळे त्यांना उस्ताद म्हणत. घरात कुणी म्हणत नसे, पण अपेक्षा तीच होती.

त्यांचं म्हणणं असं, की पिस्तूल दर तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकतं. रिकामी पुंगळी बाहेर पडायची सोडून, दारात बोट चेमटावं तशी मधेच उभी राहते. 'आपल्या कारखान्याचा दर्जा घसरला आहे, हे मी अत्यंत दुःखाने नमूद करतो,' असं शेवटच्या पानावर दोनदा लिहिलं होतं.

सकाळीच तिनं त्यांना चहा दिला होता आणि त्यांनी तिला पेपराचं आतलं पान. पत्राबद्दल चकार शब्द नाही. ते पोस्टानं आलं होतं, कारण त्यांच्या मते घर घराच्या जागी आणि कारखाना कारखान्याच्या जागी.

ती पत्र घेऊन साहेबांकडे गेली. "हे माझे सासरे आहेत. ही चाचणी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

साहेबांनी चौथं पान वाचलं आणि चष्मा काढला. "दुसऱ्या कुणाचा बळी कशाला? तुम्हाला निदान सवय आहे. चाचणी मिस्त्री घेतील, साक्षीला मी थांबतो, अहवाल तुम्ही लिहा."

चाचणीच्या दिवशी सासरे इस्त्रीचा कोट घालून निघाले. तिनं स्कूटर काढली होती, पण ते बसनं गेले. तक्रारदारानं परीक्षकाच्या मागे बसून जाणं शोभत नाही, म्हणाले.

"नमस्कार मॅडम," चाचणीच्या खोलीत शिरताना ते म्हणाले.

"बसा ना, बाबा."

"तक्रारदार म्हणा."

मिस्त्रींनी पिस्तूल शिकंज्यात आवळलं. सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेला हा लोखंडी शिकंजा म्हणजे कारखान्यातला सर्वांत भरवशाचा नेमबाज. तो श्वास घेत नाही, डोळा मिचकावत नाही, की सुट्टी मागत नाही. पंचवीस मीटरवर कागद लागला आणि पन्नास गोळ्या झाल्या. अडकली एकही नाही. दर दहा गोळ्यांची भोकं चहाच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळजवळ पडली होती.

सासऱ्यांनी कागद उजेडात धरून पाहिला. "मॅडम, पिस्तूल तुम्ही माणसासाठी बनवता की शिकंज्यासाठी?"

मुद्दा रास्त होता. तिनं तो वहीत लिहून घेतला आणि स्वतः पिस्तूल हातात घेतलं. तिच्या वीस गोळ्यांना कपाऐवजी बशी लागली, पण पुंगळ्या निमूट बाहेर पडल्या. मग मिस्त्री उभे राहिले. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांच्या गोळ्या कागदभर फिरून आल्या, काही कागदाला शिवल्याही नाहीत, तरी अडकली एकही नाही.

शेवटी सासरे. तिसऱ्या गोळीला पुंगळी अडकली. मग सातवीला, मग नववीला. मात्र गोळ्या सगळ्या काळ्या ठिपक्याच्या मधोमध. नेमाला तोड नव्हती.

"बघा," ते समाधानानं म्हणाले.

तिनं बघितलंच होतं, पण ठिपक्याकडे नाही. प्रत्येक बाराला त्यांचं मनगट मागे मोडत होतं. वर्षापूर्वी ते जिन्यावरून घसरले होते आणि उजवा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांनी पोरखेळ म्हणून दुसऱ्याच दिवशी सोडले होते.

हे त्यांना सांगणार कोण? साहेब खिडकीतून बाहेर बघू लागले होते.

"तक्रारदार," ती म्हणाली, "नोंदीसाठी एक विचारते. धक्क्यानं पिस्तूल आपोआप पुन्हा भरतं ते कसं, हे मिस्त्रींना जरा समजावून सांगाल?"

मिस्त्री सव्वीस वर्षं पिस्तुलं जोडत होते. ते समंजस होते. त्यांनी तोंड अर्धवट उघडं ठेवून नवखा चेहरा केला.

सासऱ्यांचं असं होतं, की कुणी काही विचारलं की त्यांच्यातला मास्तर जागा व्हायचा. "नीट ऐका. गोळी पुढे सुटते, तिच्या धक्क्यानं वरची स्लाइड मागे येते. नळी तिच्याबरोबर थोडंसं अंतर येते, मग खाली झुकते आणि थांबते. स्लाइड एकटीच पुढचा प्रवास करते, पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगनं परतताना नवं काडतूस आत ढकलते. कळलं?"

"म्हणजे स्लाइड उडी मारते," मिस्त्री म्हणाले.

"शाब्बास. होडीतून काठावर उडी मारावी तशी. होडी घट्ट बांधलेली असेल तर उडी पुरी पडते. मोकळी असेल तर होडी सरकते आणि माणूस पाण्यात. म्हणून मी पोरांना सांगतो, होडी म्हणजे तुमचं मनगट. ते ढिलं पडलं, की पिस्तूलच हातासकट मागे येतं, स्लाइडची उडी अपुरी पडते, आणि पुंगळी मधेच..."

ते थांबले. मग त्यांनी पाणी मागितलं. बाटलीचं झाकण त्यांना फिरेना. मिस्त्रींनी ती हातातून घेतली, उघडली आणि परत दिली.

अहवालातल्या 'कारण' या रकान्यापाशी ती दोन दिवस अडली. रात्रीच्या भाकऱ्या करताना तिनं सासूबाईंना विचारलं, "आई, बाबांचं मनगट कमजोर झालंय हे कसं लिहू?"

"तसंच लिही. चाळीस वर्षं मी त्यांच्या चुका तोंडी सांगत आले. लेखी दिल्या असत्या तर काही उपयोग झाला असता."

अहवाल पोस्टानं घरी आला. सासऱ्यांनी तो जेवणाच्या टेबलावर उघडला, दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि आमटी अळणी आहे म्हणाले. आमटी अळणी नव्हती.

चौथ्या दिवशी कारखान्यात त्यांचं उत्तर आलं. अहवालाची प्रत सोबत होती, लाल शाईनं तपासलेली. 'कारण मान्य, भाषा अमान्य. स्थिर या शब्दाला पहिली वेलांटी असते, आपण दुसरी दिली आहे. मनगट अस्थिर असू शकते, शुद्धलेखन असू नये. पिस्तूल या शब्दातही चूक आहे. ज्या कारखान्याला आपला माल नीट लिहिता येत नाही, त्याने निदान अहवाल सुधारून पाठवावा.'

साहेबांनी ते वाचून बराच वेळ कागदामागे तोंड लपवलं. "पाठवा सुधारून," शेवटी ते म्हणाले. "सुटलात स्वस्तात."

घरी सासूबाईंनी डॉक्टरांना फोन केला होता. मनगटासाठी ओले कपडे पिळणं उत्तम, असं ते म्हणाले म्हणे. नक्की काय म्हणाले ते सासूबाईंनाच ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या सगळ्या चादरी सासऱ्यांकडे आल्या. सुरुवातीला त्यांनी पिळलेली चादर दोरीवर टाकली की खाली डबकं साचे. ते आत गेले की सासूबाई ती गुपचूप पुन्हा पिळत. दोन महिन्यांनी त्यांना पुन्हा पिळावी लागेना.

एका रविवारी सासरे क्लबातून परतले ते थेट सुनेच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"चाळीस गोळ्या झाल्या. एकही अडकली नाही."

"वा, बाबा."

"वा काय? सगळ्या उजवीकडे जातायत." ते जरा घुटमळले. "उद्या सकाळी येशील का क्लबात? मागे उभी राहून बघ, माझं काय चुकतंय."

नऊ वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच असं काही विचारलं होतं. ती कामावर उशिरा येईन असं कळवून त्यांच्याबरोबर गेली. दहा गोळ्या तिनं हाताची घडी घालून पाहिल्या.

"चापावर बोट फार आत जातंय."

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि बोट थोडं बाहेर घेतलं.