टोपीचा मान

आमचा हरेश जेवायला बसला की मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवतो. आईनंसुद्धा बघू नये! पोलिसांच्या खबरी काढायच्या खात्यात आहे, त्यामुळे घरात आमटी कसली केली हेही त्याला गुपित वाटतं.

द्रोणागिरीच्या गोदामात स्फोट झाला, त्यात माझ्या भावाचा मुलगा कान्हा सापडला. गेटवर वॉचमन होता. उजवा पाय गेला. शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतो, "आत्या, कोनालाच म्हाईत नव्हतं का गं?" टीव्हीवाले म्हणतात, यंत्रणा झोपली होती. मीही तेच धरून चालले होते.

काल जावई दत्तू त्याला बघायला दवाखान्यात आला. तो खाडीवर, पोलिसांच्या बोटीवर असतो. कान्हाला झोप लागली होती. दत्तू हळूच म्हणाला, "आई, अनोळखी मानसं खाडीत खोकी उतरवतात, हे मला मच्छीवाल्यांनी सांगितलं होतं. खोकी गेली कुठं, तेच कळलं नाय."

हरेश दारातच उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"जासईच्या एका खोलीत आली, तिथून गोदामात. खोलीची खबर मला होती. खोक्यांत काय, कुठून आली, काय पत्ता नव्हता. खबर वर पाठवली आनि विसरलो. दर सणाला अशा ढीगभर जातात."

"मग मला एक फोन करायचा ना, हरेशशेठ!"

"तू उचलतोस कुठं?"

खरं होतं. हरेशच्या मुलीच्या हळदीत टॉवेल-टोपीचा पहिला मान घरच्या जावयाचा, म्हणजे दत्तूचा. हरेशनं टोपी आधी आपल्या साहेबाच्या डोक्यावर ठेवली. दत्तू भरल्या मांडवातून न जेवता निघून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"आनि तुमचे वरचे साहेब? ते तरी बोलतात का एकमेकांशी?" मी विचारलं.

दत्तूनं नाही अशी मान हलवली. म्हणजे त्या साहेबांनाही कुणाच्या तरी हळदीत टोपी मिळाली नसणार.

हरेश म्हणाला, "आई, हे कान्हाला सांगू नको."

इथेही गुपितच! मला भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. कान्हाच्या अंगावरची चादर नीट केली. एका बाजूला ती सपाट पडली.

"हरेश, त्या मानसांनी तुमच्यापासून फार काय लपवलं नव्हतं रे. तुमीच एकमेकांपासून लपवत बसलात. आता बस इथं. तो उठला की विचारेल. तूच सांग त्याला, म्हाईत होतं म्हनून."