रामेश्वराच्या पुढे

बल्लारशाच्या लाकूड डेपोत बापूजींना निरोप दिला त्या दिवशी हारतुरे झाले, पेढे वाटून झाले, आणि शेवटी कोणीतरी बापूजींनाच बोलायला उभं केलं. चार माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "अल्लापल्लीच्या रानातला साग सारा माझ्या हाताखालून गेला. ओंडक्यावर छापाचा हातोडा मारायचा अन् वॅगनीत चढवायचा, हेच केलं. कोणी म्हणे याचं जहाज होणार, कोणी म्हणे हा साता समुद्रापार जाणार. लाकूड दुनिया पाहून आलं, अन् मी नागपूरच्या पुढे गेलो नाई. आता मले जायचं आहे."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला काशीला जायचं असेल.

बापूजींच्या पत्नी मनकर्णाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या चांद्याच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि दिवाळीच्या आधीच निवृत्त झाल्या होत्या. टांग्यातून चांद्याला घरी येताना त्यांनी विचारलं, "कुठी जायचं म्हणता मग?"

"अवं, बोलण्याच्या भरात बोलून गेलो."

"तसं कसं? एवढ्या लोकांसमोर बोलले. आता जावंच लागन."

घरी आल्यावर त्यांनी मुलीच्या, कमळाच्या, शाळेतला जुना नकाशा माळ्यावरून काढला. कमळा लग्न होऊन वर्ध्याला गेली होती, तिची पुस्तकं मात्र इथेच होती. दोघं जमिनीवर नकाशा पसरून बसले. विलायत फार लांब पडत होती. ब्रह्मदेशात धामधूम चालली आहे असं पेपरात येत होतं. मनकर्णाबाईंनी बल्लारशावर बोट ठेवलं आणि रेल्वेच्या काळ्या रेघेवरून खाली खाली नेलं. काझीपेट, बेझवाडा, मद्रास, आणि मग रेघ संपेपर्यंत. पुढे निळ्या पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती आणि पलीकडे लंका.

"आपल्याच स्टेशनावरून गाडी जाते," त्या म्हणाल्या. "अन् समुद्र पाहा, एवढासाच आहे."

बापूजी चष्मा लावून बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढासा समुद्र जमून जाईन."

शेजारच्या गल्लीत जलालुद्दीन हाजींचं कापडाचं दुकान होतं. मोहल्ल्यात जहाजात बसलेला तोच एक माणूस. दोघं त्यांच्याकडे गेले. दुकानातल्या रेडिओवर सिलोनची गाणी लागली होती. बेत ऐकल्यावर हाजींनी रेडिओचा कान पिळून तो बंद केला.

"गाणी जिथून येतात तिथी चालले तुमी? वाहवा!" ते म्हणाले. "ऐका. जहाजात बसले की निंबू जवळ ठेवा, जी मचलला की नाकाशी धरा. खाली पाण्याकडं पाहू नका, दूर पाहा. देवीची अन् पटकीची लस घ्या. अन् भाभी, सुती लुगडी न्या, तिथी घामानं जीव जाते म्हणतात. पण पहिले पासपोर्ट. आमचं हजचं अलग असते, तुमाले पासपोर्ट लागनच."

त्यानंतर दर संध्याकाळी तीच बोलणी. कोणत्या गाडीने निघायचं, मद्रासला उतरून दुसऱ्या स्टेशनावर कसं जायचं, सोबत लाडू न्यायचे की चिवडा. कोणाच्या टोळीबरोबर नाही, कोणा पंड्याच्या मागे नाही, आपलं आपण जायचं असं ठरलं होतं. मनकर्णाबाईंनी ओळखीच्या डॉक्टरांकडून लस आणवली आणि नवऱ्याला स्वतःच टोचली. बापूजींनी डोळे गच्च मिटले होते.

"झालं?"

"कवाच झालं. अर्ध्या चांद्याले टोचलं मी, पण इतकं तोंड वाकडं कोणी नाई केलं."

मग दोघं पासपोर्टाचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने कागद वरखाली पाहिले आणि म्हणाला, "बापूजी, तुमचं होऊन जाईन. पण बाईंच्या जन्माचा दाखला कुठी आहे?"

दाखला नव्हता. मनकर्णाबाईंचा जन्म सिरोंच्याकडचा, गोदावरीकाठच्या एका खेड्यातला. तिथे त्या काळी कोण कोणाचं नाव लिहून ठेवत होतं?

"मग सोपा उपाय सांगतो," कारकून म्हणाला. "बाईंचं नाव तुमच्याच पासपोर्टात घालून टाकू. बायकांचं असंच करतात."

"बरं होईन," बापूजी म्हणाले.

"नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

दोघेही पुरुष त्यांच्याकडे पाहू लागले.

"मले माझा वेगळा पाहिजे. उद्या परमुलखात हे तापानं पडले, तर मी कोणाच्या नावावर औषध आणाले फिरू? अन् दवाखान्यात हजेरी माझ्या नावानं लागे, यांच्या नाई."

कारकुनाने मान हलवली. दाखला नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेलं कोणी जिवंत माणूस साहेबांपुढे उभं करावं लागेल, असं त्याने सांगितलं. असं एकच माणूस उरलं होतं, मनकर्णाबाईंची मावशी सुगंधाबाई, आणि ती होती तिकडे सिरोंच्याला, जंगलापार.

दोघं घरी परतले. दारात पाहतात तर थोरले भाऊ दादाजी ओट्यावर बसलेले. ते चिमूरजवळच्या गावी धानाची शेती पाहत. कोणाकडून तरी लंकेची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"रामेश्वरापर्यंत जा, मी नाई म्हणत नाई," जेवायला बसल्यावर ते म्हणाले. "पुण्य घ्या अन् वापस या. समुद्र ओलांडाचं काम काय? तिथी कोण आहे आपलं? तुमच्यासाठी घरची मागची खोली सारवून ठेवली मी. तू आता रिकामा झाला, शेतावर ये. अन् बाई गावात राह्यली तर बाळंतपणासाठी कोणाले चांद्याले धावाचं काम नाई."

बापूजींनी भावापुढे कधी मान वर केली नव्हती. ताटातला भात कालवत ते म्हणाले, "बहुतेक ते लंकेचं राहूनच जाईन. हिच्या दाखल्याचंही जमून नाई राह्यलं."

मनकर्णाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सारं ऐकलं. दादाजींना आग्रह करून वरण वाढलं, विड्याचं पान दिलं, आणि ते गाडीला निघाले तेव्हा पाया पडल्या.

सकाळी बापूजी उठले तर भिंतीला टेकवून ठेवलेला नकाशा जागेवर नव्हता. तो परत माळ्यावर गेला होता. लाडवांसाठी आणलेला रवा डब्यात भरून वर ठेवलेला होता. मनकर्णाबाई अंगण झाडत होत्या.

"नकाशा काऊन ठेवला वर?"

"धूळ बसते," त्या म्हणाल्या, आणि झाडतच राहिल्या.

बापूजींना वाटलं होतं, ही भांडेल, दोन शब्द सुनावेल, मग आपण तिची समजूत घालू. ती भांडली नाही हेच त्यांना सोसेना. चहा पिताना त्यांना निरोपाचा दिवस आठवला, टांग्यातलं तिचं बोलणं आठवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईने स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी कोट चढवला, छत्री घेतली आणि "येतो" एवढंच सांगून बाहेर पडले.

ते थेट बल्लारशाच्या डेपोवर गेले. सागाचे लठ्ठे उतरवून रिकामी लॉरी अल्लापल्लीकडे परत निघाली होती. वारलू ड्रायव्हरने त्यांना ओळखून सलाम केला.

"साहेब, आता कोणती ड्यूटी?"

"सिरोंच्याले जायचं आहे बाबा. एका म्हाताऱ्या बाईले आणाचं आहे."

"चला की! तिकडूनच लाकूड भरणार आहो."

रस्ता म्हणजे नुसती धूळ आणि नाल्यांची वाळू. बापूजींची हाडं खिळखिळी झाली. गोदावरीकाठच्या त्या घरी पोचले तेव्हा सुगंधाबाई मिरच्या वाळत घालत होती. सत्तरी उलटली होती, कमरेत वाकली होती, पण आवाज खणखणीत. निम्मी मराठी, निम्मी तेलुगू. जावई असा अचानक दारात पाहून ती घाबरली.

"अय्यो, माझ्या पोरीले काय झालं?"

"काई झालं नाई मावशी. ते जन्मली होती, एवढं साहेबापुढे येऊन सांगाचं आहे."

म्हातारीला आधी कळेचना. मग सारी हकिगत ऐकून ती एवढी हसली की शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. जन्मात मोटारीत न बसलेली सुगंधाबाई डोक्यावर पदर घट्ट ओढून लॉरीत, वारलूच्या शेजारी बसली आणि चांद्यापर्यंत त्याला हळू चालव, जोरात चालव, असं सांगत आली.

लॉरी गल्लीत शिरली तेव्हा मनकर्णाबाई दारात आल्या. आधी धुळीने पांढरे झालेले बापूजी उतरले. मग त्यांचा हात धरून मावशी.

"हे घे तुझा दाखला," बापूजी म्हणाले. "आपल्या पायानं चालत आला."

मनकर्णाबाईंनी मावशीला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. बापूजींनी नजर चुकवून छत्री झटकायला घेतली.

कचेरीत साहेब तरुण होते. त्यांनी सुगंधाबाईला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

"आजी, यांच्या जन्माच्या वेळी तुम्ही तिथं होता?"

"होती म्हणजे? हिची नाळ मीच कापली! माझी बहीण कण्हून राह्यली होती, सुईण नदीपार अडकली होती. मी तवा लेकरूच, नुकतं लगन झालं होतं माझं."

"साल कोणतं?"

"साल मले काय माहीत? मोठा दुष्काळ पडला होता पाहा, लोकं झाडाचा पाला उकडून खात होते, रस्त्यावर सरकारी गिट्टी फोडाले जात होते. त्याच्या मागून पाऊस आला, अन् पावसासंगं ही आली. इतकीशी होती. आमी म्हटलं, ही काई वाचत नाई." तिने मनकर्णाबाईंच्या पाठीवर थाप मारली. "पाहा आता!"

मोठ्या दुष्काळाचं साल त्या मुलखात सर्वांना ठाऊक होतं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि सुगंधाबाईचा अंगठा उमटवून घेतला. म्हातारीने शाई लुगड्याला पुसली आणि विचारलं, "ही चालली कुठी पण?"

"लंकेला," साहेब म्हणाले.

"मग माझाही पास काढून टाका. आली तशी जाते."

कारकून, पट्टेवाला, साहेब, सगळे हसले. मनकर्णाबाई मात्र पदराने डोळे टिपत होत्या.

त्याच आठवड्यात बापूजी एकटेच चिमूरकडे गेले. भाऊ खळ्यावर होते. बापूजी उभ्याउभ्याच म्हणाले, "दादा, आमी रामेश्वराच्या पुढे जाऊन राह्यलो. वापस आल्यावर खोलीत येऊन राहू, चार दिवस. शेतावर राहाले नाई येणार. अन् हिनं लोकांचं खूप केलं. आता तिले बाळंतपणाले बोलावू नका."

दादाजी रागावले, बरंच बोलले. बापूजींनी सगळं ऐकून घेतलं, पण आपला शब्द काही मागे घेतला नाही. दादाजी स्टेशनावर पोचवायलाही आले नाहीत. त्याचं वाईट बापूजींना गाडी काझीपेटला जाईपर्यंत वाटलं. मग खिडकीतून नवा मुलूख दिसू लागला.

मद्रासला हमालाने त्यांना भलत्याच स्टेशनाकडे न्यायला घेतलं, तेव्हा मनकर्णाबाईंनी मावशीकडे शिकलेल्या तेलुगूत त्याला असा काही झापला की तो निमूट वळला. रामेश्वराच्या पुढच्या टोकाला, धनुष्कोडीला, बोटीवर चढले. जमीन मागे सरकली, आणि नकाशावरची ती चिंचोळी पट्टी काही एवढीशी नव्हती. चारी बाजूंना पाणीच पाणी. बापूजी निंबू नाकाशी धरून बाकावर आडवे झाले. मनकर्णाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. वाऱ्याने पदर सुटला तरी त्यांनी तो सावरला नाही.

पलीकडच्या धक्क्यावर अधिकाऱ्याने दोन्ही पासपोर्ट उघडून हिंदीत विचारलं, "काम के लिए आये हैं?"

"नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"रिश्तेदार हैं यहाँ?"

"कोणी नाई."

"तो फिर?"

"फिराले," त्या म्हणाल्या. त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने शिक्का मारला, आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

कोलंबोला दोघांनीच हिंडून एक स्वच्छ खोली शोधली. सकाळी बापूजी जागे झाले तेव्हा मनकर्णाबाई झोपलेल्या होत्या. दवाखान्यात असताना कधी कोणाचं बाळंतपण, कधी कोणाचा ताप; दार वाजलं नाही अशी पहाट त्यांच्या घरी क्वचितच उगवे. इथे दार वाजणार नव्हतं. बापूजींनी पाय न वाजवता खिडकीचा पडदा ओढला, खाली जाऊन खुणांनी दोन कप चहा मागितला आणि तो निवेपर्यंत उशाशी बसून राहिले. दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं.

मनकर्णाबाई दचकून उठल्या. "अगं बाई! किती वाजले? उठवलं नाई काऊन?"

"कायले उठवू? कोणाचं काय अडलं आहे?"

त्या हळूहळू हसल्या, मांडी घातली आणि कप हातात घेतला. खाली रस्त्यावर एक लाल बस येऊन थांबली होती, लोक चढत होते. पाटीवरची गोल गोल अक्षरं दोघांपैकी एकालाही वाचता येत नव्हती.

"कुठी जाते हे?" त्यांनी विचारलं.

"मले काय माहीत!"

"मग चला, पाहू," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि उरलेला चहा एका घोटात संपवून चपला शोधू लागल्या.