मेढीपाशी उभी

सिद्धगडाखालच्या वाड्यांमध्ये नामाची गाणी कोणाला माहीत नाहीत असं नाही. हळद असो, बारसं असो, नवीन विहिरीला पाणी लागो, नामाचं गाणं हवंच. पण ते गाणं गायला नामा स्वतः उभा राहिला, की माणसं हळूच तंबाखू मळायला बाहेर सटकतात. गंजलेला हातपंप हापसावा तसा त्याचा आवाज.

सारिका त्याची एकुलती एक लेक, त्यामुळे तिला सटकायची सोय नव्हती. गाणी मात्र तिला सगळी पाठ. शहापूरला कॉलेजात जाताना एसटीत ती तीच गुणगुणायची आणि मनातल्या मनात बापावर चिडायची. असे शब्द सुचणाऱ्या माणसाला देवाने असा गळा द्यावाच का? आणि दिलाच, तर तो मिटून बसायची अक्कल सोबत का देऊ नये?

आता तिच्याच हळदीसाठी नामाने गाणं रचलं होतं. त्याने ते ओसरीवर बसून नुसतं बोलून दाखवलं, आणि एका ओळीपाशी सारिकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

'मांडव भरला पावण्यांनी गो, आय तुजी मेढीपाशी उभी.'

सारिका सातवीत असताना तिची आई, लहानी, गेली. तेव्हापासून नामाने घरात तिचं नाव काढलं नव्हतं. आणि आता एका ओळीत त्याने तिला मांडवाच्या मुहूर्तमेढीशी आणून उभं केलं होतं. सारिकाला लग्नात दुसरं काही नको होतं. ही ओळ सगळ्या मांडवाने नीट ऐकावी, आई तिथे आहे असं सगळ्यांना वाटावं, एवढंच.

म्हणूनच ती म्हणाली, "बा, तू नको बोलूस. किशोरला बोलू दे."

किशोर किन्हवलीच्या बेंजो पार्टीत गायचा. आवाज एकदम गोड.

"माजं गानं मीच नाय बोलायचं?" नामाचा चेहरा पडला.

"नंतर बोल की किती पन! हळदीला नको. पाया पडते तुज्या."

नामाने कुरकुरत मोबाइलवर गाणं म्हटलं आणि किशोरला पाठवून दिलं. ते ऐकायचं धाडस सारिकाने केलं नाही.

हळदीला किशोरने गाणं असं उचललं, की तिला वाटलं, आज कुठे या शब्दांचं सोनं झालं. ती ओळ आली. तिने डोळे मिटले.

"मांडव भरला पावण्यांनी गो, गाय तुजी मेढीपाशी उभी!"

मांडव खदखदून हसला. "अगो, आंदनात गाय बी हाय का?" कोणीतरी ओरडलं. वराकडचे दोघे हंबरत नाचायला लागले. लोकांना आवडलं म्हणून किशोरने ओळ पुन्हा घेतली, वर आणखी एकदा घेतली.

"बंद कर रे!" सारिका पाटावरूनच किंचाळली. हळद लावणाऱ्या गुणाबाई आत्याचा हात तिथेच थांबला.

किशोर गोंधळला. "ताय, नामाकाकांनी गायच बोललंय. लय वेळा ऐकलं मी. आनि मेढीला गायच बांदतात ना?"

सारिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. या गोडगळ्यावर, बापाच्या त्या फुटक्या उच्चारांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. किशोरला गायला लावायची हौस कोणाची? तिचीच.

"बा," ती म्हणाली, "तूच बोल."

नामा माइकपाशी आला. पहिलीच ओळ त्याने अशी ओढली, की बेंजोवाल्याने सूर शोधायचा नाद सोडून दिला. सारिकाने नेहमीसारखे दात आवळले. मग तो शब्द आला, आणि नामाचा गळा अडकला. आतून 'ग' असं काहीतरी घुसमटत निघालं, आणि मागून 'आय' फरफटत आलं. त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच तो 'ग'. बाकी कुठे नाही, फक्त त्या एका शब्दाला.

सारिका त्याच्याकडे बघत राहिली. किशोरने चुकीचं काहीच ऐकलं नव्हतं.

नामाने तिसऱ्यांदा ओळ धरली. मांडव भरला पावण्यांनी गो... आणि तोंड उघडं ठेवून तो थांबला.

"आय," सारिकाने पाटावरून म्हटलं, मोठ्याने, स्वच्छ.

"तुजी मेढीपाशी उभी," नामाने पुढे घेतलं, बेसूरच.